बाभळींची वाटणी

नीरा नदी ओलांडून साताऱ्याच्या हद्दीत शिरलं की लोणंद येतं. कांद्याचा बाजार, पुणे-मिरज लोहमार्गावरचं स्टेशन आणि माउलींच्या पालखीचा मुक्काम यांमुळे हे गाव महाराष्ट्रभर ठाऊक आहे. मुलूख पर्जन्यछायेचा. कालव्याचं पाणी पोचलं तिथे ऊस, नाही पोचलं तिथे बाजरी, ज्वारी आणि मोकळा माळ. या माळावर, ओढ्याकाठी, बांधावर काटेरी झाड दिसलं की बाहेरचा माणूस त्याला ‘बाभूळ’ म्हणून मोकळा होतो. इथला मेंढपाळ तसं म्हणत नाही. त्याच्या लेखी बाभूळ वेगळी, रामकाठी वेगळी, हिवर वेगळा, वेडी बाभूळ वेगळी आणि सुबाभूळ तर बाभळीत धरायचीच नाही.

त्याची ही वर्गवारी उपयोगावर बेतलेली आहे. कुणाच्या शेंगा मेंढरांच्या अंगी लागतात, कुणाचं लाकूड नांगराला आणि गाडीच्या आऱ्यांना चालतं, कुणाचा काटा पायात मोडला की पाय चिघळतो, हे त्याला पक्कं माहीत असतं. वनस्पतिशास्त्राची वर्गवारी नात्यावर बेतलेली असते. कोणाचा पूर्वज कोणाबरोबर एक होता आणि फांदी कुठे फुटली, हा तिचा प्रश्न. शेंगांच्या कुळातल्या या काटेरी मंडळींच्या बाबतीत त्या प्रश्नाचं उत्तर मिळायला अडीचशेहून जास्त वर्षं लागली, आणि त्यातला एक मोठा निकाल तर अगदी अलीकडे, २०२२ साली लागला.

वनस्पतीचं शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. म्हणजे पहिल्या शब्दावरून नातलग कोण हे कळायला हवं. लिनियसने १७५३ साली बाभळीला ‘मिमोसा निलोटिका’ म्हटलं, म्हणजे तिला लाजाळूच्या प्रजातीत बसवलं. निलोटिका म्हणजे नाईलकाठची, कारण युरोपाला हे झाड इजिप्तमधून माहीत झालं होतं. पुढच्याच वर्षी फिलिप मिलरने ‘अकेशिया’ ही प्रजाती वेगळी मांडली. यथावकाश बाभूळ ‘अकेशिया निलोटिका’ झाली आणि त्या प्रजातीचं प्ररूपही ठरली. प्ररूप म्हणजे ती जाती, जिच्याशी प्रजातीचं नाव कायमचं बांधलेलं असतं. अकेशिया कशाला म्हणायचं याचा शेवटचा दाखला म्हणजे आपली बाभूळ, असा त्याचा अर्थ.

मग आले जॉर्ज बेंथम. एकोणिसाव्या शतकातल्या या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली एक सोपी कसोटी लावली. ती समजून घ्यायला बाभळीचा एक पिवळा गेंद तळहातावर घ्यावा. तो गेंद म्हणजे एक फूल नाही. त्यात पुष्कळ इवली फुलं खच्चून बसलेली असतात. पाकळ्या जेमतेम दिसतील एवढ्याच. जो पिवळा मखमली भाग आपल्याला दिसतो तो सगळा पुंकेसरांचा. एक इवलं फूल सुईच्या टोकाने सोडवून साध्या भिंगाखाली धरलं तर पुंकेसर मोजता मोजता आपण दमतो, आणि ते सगळे सुटे असतात. सुबाभळीच्या पांढऱ्या गेंदातलं फूल असंच सोडवलं तर पुंकेसर नेमके दहा भरतात. शिरीषाच्या फुलात ते पुष्कळ असतात, पण तळाशी जुळून त्यांची नळी झालेली असते. बेंथमने या तीन लक्षणांवर तीन कप्पे केले. पुंकेसर पुष्कळ आणि सुटे असले की अकेशिया. या एका कसोटीने बाभूळ, हिवर, खैर, शिकेकाई आणि ऑस्ट्रेलियातली शेकडो झाडं एकाच प्रजातीत आली. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिच्यात तेराशेहून अधिक जाती जमल्या होत्या.

आपल्याकडची जुनी पुस्तकं याच चौकटीत लिहिलेली आहेत. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. त्यात बाभळीचे स्थानिक प्रकारही त्यांनी नोंदवले. झाडूसारख्या उभ्या फांद्यांची रामकाठी ‘क्युप्रेसिफॉर्मिस’ या नावाने आहे आणि वेडी बाभूळ चक्क ‘वेडियाना’ या नावाने. हे मुद्दाम सांगतो, कारण कुक यांची वेडी बाभूळ हा आपल्याच बाभळीचा एक प्रकार होता. आज दख्खनभर ज्या झाडाला वेडी बाभूळ म्हणतात ते अमेरिकेतून आलेलं, निराळ्याच प्रजातीचं झाड आहे. जुन्या नोंदीत ‘वेडी बाभूळ’ वाचलं तर ती कोणती, हे साल पाहूनच ठरवावं लागतं.

बेंथमच्या कसोटीतली गडबड काट्यांकडे पाहिलं की लक्षात येते. बाभळीच्या पानाच्या बुडाशी सरळ, पांढुरक्या काट्यांची जोडी असते. कधी कधी ती बोटाएवढी लांब होते. हे काटे म्हणजे रूप बदललेली उपपर्णं, पानाच्या बुडाशी दोन बाजूंना जी छोटी पातं असायला हवीत ती. हिवराचंही तसंच. त्याची साल फिकट, जवळजवळ पांढरी आणि फुलांचे गेंद फांदीच्या टोकाला मोठ्या मोकळ्या तुऱ्यात. पावसाळा सरताना तो लांबून ओळखता येतो, पण काट्याची घडण बाभळीचीच. खैराकडे वळलं की चित्र बदलतं. तिथे पानाच्या बुडाखाली दोन लहान, तपकिरी, मागे वळलेले आकडे असतात. त्यांचा उपपर्णांशी संबंध नाही, ते सालीवरून उगवलेले असतात. फुलं गेंदात नसून लांब कणसात. शिकेकाईच्या वेलीवर असेच आकडे खोडभर विखुरलेले असतात आणि त्यांच्याच आधाराने ती घाटातल्या झाडांवर चढते. मात्र शिकेकाईची फुलं गेंदात येतात. नुसती फुलं पाहून गेलो तर तिला बाभळीशेजारी बसवू, काटा पाहिला तर खैराशेजारी. काटा खरा सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक जातींना मुळात काटेच नाहीत आणि पुष्कळांना खरी पानंही नाहीत. पानाचा देठच रुंद, चपटा होऊन पानाचं काम करतो.

ऑस्ट्रेलियाच्या लेस्ली पेडली यांनी १९८६ साली अकेशिया फोडून तिच्या तीन प्रजाती कराव्यात असं सुचवलं. तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही. नंतर डीएनएचे पुरावे यायला लागले आणि वाद संपला. बाभूळ आणि खैर एकमेकांचे जवळचे नातलग नाहीत. ऑस्ट्रेलियन झाडं तर या दोघांपेक्षा शिरीषाच्या गोतावळ्याला जवळची. पुष्कळ सुटे पुंकेसर हे लक्षण वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आलेलं होतं, त्यावरून नातं ठरवणं चूक होतं. प्रजाती फोडणं भागच होतं.

आता प्रश्न आला नावाचा. एकत्र कुटुंबाची वाटणी झाली की जमीन मोजून देता येते, पण वाड्याचं नाव कुणाकडे राहायचं यावर घरं पेटतात. इथेही तेच झालं. नियम स्पष्ट होता. नाव प्ररूपाबरोबर जातं आणि प्ररूप बाभूळ, तेव्हा अकेशिया हे नाव बाभळीच्या गटाकडे राहायला हवं होतं. पण ऑस्ट्रेलियाच्या गटात हजाराच्या आसपास जाती आणि बाभळीच्या गटात दीडशेच्या थोड्या वर. नियम पाळला तर ऑस्ट्रेलियाला हजारभर झाडांची नावं बदलून ‘रॅकोस्पर्मा’ करावी लागणार होती. ऑर्चर्ड आणि मॅस्लिन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी २००३ साली प्रस्ताव मांडला की प्ररूपच बदलावं, बाभळीऐवजी एक ऑस्ट्रेलियन जाती घ्यावी. जुलै २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत मतदान झालं. प्रस्तावाला समितीची शिफारस मिळालेली होती आणि शिफारस फेटाळायला ६० टक्के मतं लागणार होती. विरोधात पडली जवळपास ५५ टक्के. म्हणजे बहुमत विरोधात असूनही प्रस्ताव तरला. आफ्रिकेतल्या अनेक शास्त्रज्ञांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतले. सव्हानातल्या छत्रीसारख्या झाडांची ओळखच या नावाशी जोडलेली होती. २०११ साली मेलबर्नच्या परिषदेत विषय पुन्हा निघाला आणि निर्णय कायम राहिला.

मला हा निकाल न्याय्य वाटत नाही. सोयीसाठी प्ररूप हलवता येतं असं एकदा ठरलं की प्ररूपाचा आधार डळमळतो. पण नाव कुणाला गेलं याने नातं बदलत नाही, आणि नात्याची मांडणी मात्र पहिल्यांदाच बरोबर झाली आहे.

वाटणीत बाभूळ आणि हिवराच्या गटाला ‘व्हॅचेलिया’ हे नाव मिळालं. तेही नवं नव्हे. रॉबर्ट वाइट आणि वॉकर आर्नॉट यांनी १८३४ साली दक्षिण भारताच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात ते दिलं होतं. मकावमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे धर्मोपदेशक असलेले जॉर्ज व्हॅचेल वनस्पती गोळा करत, त्यांच्यावरून ते आलं. खैर आणि शिकेकाई गेले ‘सेनेगॅलिया’मध्ये. बाजारात ‘गम अरेबिक’ म्हणून मिळतो तो उंची डिंकही मुख्यतः याच प्रजातीतल्या आफ्रिकन झाडाचा, बाभळीचा नव्हे. बाभळीचं आजचं नाव व्हॅचेलिया निलोटिका. ते २००८ साली प्रसिद्ध झालं. अकेशिया हे नाव आपल्याकडे उरलं ते सामाजिक वनीकरणाने कोकणात, घाटमाथ्यावर आणि रस्त्यांच्या कडेला लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीकडे, म्हणजे अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिसकडे. तिचं नुकतं उगवलेलं रोप मिळालं तर जरूर पाहा. पहिली एक-दोन पानं बाभळीसारखी, बारीक पानड्यांची. मग देठ रुंदावू लागतो, पानड्या गळतात आणि पुढे आयुष्यभर कोयत्याच्या आकाराचे ते देठच झाडावर राहतात. त्या झाडाच्या पूर्वजांना खरी पानं होती, याचा पुरावा रोपाच्या त्या पहिल्या पानांत डोळ्यांनी दिसतो.

नात्याची ही मांडणी शास्त्रज्ञांच्या टेबलापुरती नाही. आपली बाभूळ ऑस्ट्रेलियात, विशेषतः क्वीन्सलंडच्या गवताळ मैदानांत, मेंढ्यांना सावली आणि चारा म्हणून नेली गेली. तिथे ती इतकी माजली की आज ती त्या देशाच्या राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत आहे. तिला आवर घालायला कीटक सोडायचे म्हटले तर पहिला प्रश्न असा की तो कीटक ऑस्ट्रेलियाच्या स्वतःच्या हजारभर अकेशियांवर तुटून पडेल का? कोणकोणत्या झाडांवर त्याची चाचणी घ्यायची हे नात्यावरूनच ठरतं. दुसरा प्रश्न, कीटक शोधायचा कुठे? बाभळीच्या उपजाती आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरलेल्या आहेत. जनुकीय अभ्यासातून ऑस्ट्रेलियातली बाभूळ ‘इंडिका’ या उपजातीची, म्हणजे आपल्या उपखंडातली निघाली, आणि तिचे शत्रू शोधण्यासाठी तिथल्या शास्त्रज्ञांनी भारतात पाहणी केली. उपजातीपर्यंतची वर्गवारी अचूक नसती तर हे काम आंधळ्या शोधासारखं झालं असतं.

आता आजच्या वेड्या बाभळीकडे येऊ. शमी, जिला आपण सौंदड म्हणतो, आणि ही अमेरिकन वेडी बाभूळ या दोघींना परवापरवापर्यंत ‘प्रोसोपिस’ या एकाच प्रजातीत धरलं जाई. अर्जेंटिनाचे आर्तुरो बुर्कार्त यांनी १९७६ साली या प्रजातीचा सखोल अभ्यास करून तिच्यात ४४ जाती मोजल्या होत्या आणि त्यांचे पाच गट पाडले होते. इथेही काटा बोलत होताच. शमीचे काटे फांदीभर, दोन पानांच्या मधल्या जागेतही विखुरलेले असतात. वेड्या बाभळीचे काटे पान फुटतं त्या पेरावरच, लांब आणि कठीण. २०२२ साली कॉलिन ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो जनुकांच्या आधारे दाखवलं की हे गट एका पूर्वजाचे नाहीतच. प्रोसोपिस फुटली. या वेळी मात्र नाव प्ररूपाबरोबर राहिलं आणि प्ररूप होती आपली शमी. आता प्रोसोपिसमध्ये शमी धरून जुन्या जगातल्या फक्त तीन जाती आहेत. अमेरिकेतल्या चाळीसहून अधिक जाती ‘नेल्टुमा’मध्ये गेल्या, आणि वेडी बाभूळ झाली नेल्टुमा ज्युलिफ्लोरा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती भारतात आणली गेली. जळण हवं होतं आणि शेळ्या तिचा पाला खात नाहीत म्हणून ती तग धरेल असा हिशेब होता. पाला खात नाहीत हे खरं, पण गोड शेंगा चवीने खातात आणि बिया लेंड्यांतून जिथे जातील तिथे पेरतात. शमी आणि ती एकाच प्रजातीच्या असल्याने दोघींचे गुण सारखे असणार, असं सहज गृहीत धरलं जाई. शमीखाली बाजरी उत्तम येते हा राजस्थानातल्या शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. वेड्या बाभळीखाली पीक येत नाही. दोघी वेगळ्या घरच्या आहेत हे आता नावातच दिसतं.

उरली सुबाभूळ. ही मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेची, नाव ल्युसीना ल्युकोसेफाला. मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला उभ्या केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकापासून तिच्या उंच वाढणाऱ्या वाणांचा चाऱ्यासाठी प्रसार केला. ते वाण हवाईहून आले होते. तिला काटे नाहीत, पुंकेसर दहा, शेंगा चपट्या आणि घोसाने लोंबणाऱ्या. बाभळीशी तिचं घरोब्याचं नातं नाही. पण तिचं एक जवळचं नातलग मात्र असं आहे की त्याची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

हवाईच्या बेटांपैकी काहोओलावे हे एक छोटं, उजाड बेट. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे शेळ्या सोडल्या गेल्या आणि त्यांनी बेट बोडकं केलं. १९४१ पासून १९९० पर्यंत अमेरिकेच्या सैन्याने ते बॉम्बफेकीच्या सरावाला वापरलं. १९९२ साली स्टीव्ह पर्लमन आणि केन वूड या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांना तिथल्या किनाऱ्यालगतच्या, शेळ्या पोचू शकत नव्हत्या अशा एका सुळक्यावर अनोळखी झुडुपं सापडली. फक्त दोन. पांढरे गेंद, काटा नाही. कोणत्याच ज्ञात प्रजातीत ती बसेनात. म्हणून १९९४ साली ‘कॅनालोआ’ ही नवी प्रजाती मांडली गेली. पुढच्या अभ्यासात ती सुबाभळीच्या शाखेतली निघाली. खरं आश्चर्य पुढेच होतं. त्याच बेटसमूहातल्या ओआहू बेटावर जुन्या गाळात एक परागकण मुबलक सापडत असे, पण तो कोणत्या झाडाचा हे कळत नव्हतं. तो कॅनालोआचा ठरला. म्हणजे माणूस येण्यापूर्वी ज्या झुडुपाने सखल भाग व्यापले होते, त्याला नाव मिळायच्या वेळी ते एका सुळक्यावर दोन रोपांपुरतं उरलं होतं. आणि काहोओलावेच्या सखल भागात आज जे काटेरी झाड पसरलं आहे ते नेल्टुमाच, आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण, बाहेरून आणलेली.

त्या बेटांवर मूळचे चरणारे सस्तन प्राणी नव्हते, आणि कॅनालोआला अंगावर काटा नव्हता. शेळ्या आल्यावर तिच्याजवळ बचाव काही नव्हता. लोणंदच्या माळावर हजारो वर्षं मेंढरं फिरली तरी बाभूळ आणि हिवर उभे आहेत, ते त्या पांढऱ्या उपपर्णांच्या जोरावर.

या सगळ्यातून आपल्यापुरतं एक काम निघतं. पालखीमार्गावर, गायरानात, शाळेच्या आवारात झाडं लावताना यादीत नुसतं ‘बाभूळ’ लिहिलेलं असतं आणि रोपवाटिकेतून सुबाभूळ किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ येऊन पडते. तीन खंडांतली ही झाडं एका शब्दाखाली जाता कामा नयेत. यादीत पूर्ण शास्त्रीय नाव लिहा. जुन्या पुस्तकात अकेशिया निलोटिका असेल तर ती आजची व्हॅचेलिया निलोटिका, हे शेजारी नोंदवा. बाभळीचं किंवा हिवराचं रोप हाती आलं की पानाच्या बुडाशी सरळ काट्यांची जोडी आहे का ते पाहा. नसेल तर रोप परत पाठवा. लोणंद-फलटणच्या कोरड्या माळासाठी बाभूळ, रामकाठी आणि हिवर हीच झाडं योग्य आहेत, आणि मिळत असेल तर शमीही.